ग्वाल्हेरच्या हवेत पिटुनिया: उन्हाळ्यापासून उलटं मोजा

पिटुनिया लावायची असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करून टाका, ती मे महिन्यात मरणार आहे. तुमचं काही चुकलं म्हणून नाही, आपल्या ग्वाल्हेरची हवाच तशी आहे. दर वर्षी एप्रिल आला की ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोटो येतोच, काकू बघा ना पानं पिवळी पडली, फुलं बारकी येताहेत, काय घालू? आता काही घालू नका, सीझन संपला, दुसरं काय सांगणार. आणि हीच मंडळी रोपं कधी आणतात तर जानेवारी संपताना, नर्सरीत फुललेली दिसली की मग. म्हणजे जेमतेम दोन महिने मिळतात बिचारीला. त्यामुळे पिटुनियाचा हिशोब लावायच्या दिवसापासून नाही करायचा, लू, म्हणजे उन्हाळ्यातले गरम वारे, सुरू व्हायच्या दिवसापासून उलटा करत यायचा.

गोंधळ कुठे होतो तर बियांच्या पाकिटावर आणि बाहेरच्या व्हिडिओंमध्ये. तिथे लिहिलेलं असतं की थंडी संपली की लावा, भरपूर ऊन द्या, उन्हाळाभर फुलेल. इंग्लंडमध्ये ते शंभर टक्के बरोबर आहे, कारण त्यांचा उन्हाळा म्हणजे आपली फेब्रुवारीची दुपार. पिटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेची, ब्राझील-अर्जेंटिना-उरुग्वे तिकडची, आणि तिला दिवसा 18 ते 27 आणि रात्री 10 ते 16 अंश असं काहीतरी आवडतं. हे आकडे आपल्याकडे कधी असतात ते कॅलेंडरवर बघा, साधारण नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात. बस.

माझी मावसबहीण अमेरिकेत अॅरिझोनात फिनिक्सला असते, ते तर अस्सल वाळवंट, वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आतच आणि जून-जुलैत पारा सहज 43-45 वर. तिथे ऑक्टोबरात नर्सऱ्यांमध्ये पिटुनियाचे ट्रे येतात, लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, एप्रिल-मेपर्यंत फुलं बघतात आणि उपटून टाकतात, कोणाला वाईट वगैरे वाटत नाही. आता ग्वाल्हेर काही वाळवंट नाही, आपल्याकडे वर्षाला 800-900 मिलिमीटर पाऊस होतो, पण तो सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो आणि नंतर ऑक्टोबर ते मे जवळपास कोरडंच, वर राजस्थानातून येणारी लू आणि 45 च्या पुढचं ऊन. त्यामुळे पिटुनियापुरतं तरी आपण वाळवंटातलेच. फरक एकच, त्यांच्याकडे हिवाळाभर लख्ख ऊन असतं आणि आपल्याकडे जानेवारीत कधी कधी आठवडा आठवडा धुकं हटत नाही. तेवढं सांभाळलं की त्यांचं वेळापत्रक आपल्याला चालतं.

तर उलटा हिशोब असा. एप्रिलच्या मध्यानंतर झाड थकतं. सर्वात जास्त फुलं फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे होळी-पाडव्याच्या आसपास. तोवर झाड भरगच्च हवं, म्हणजे ते नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कुंडीत बसलेलं पाहिजे, आणि बी पेरायचं असेल तर 20 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान. पितृपक्षात बाकी नवीन काही घेत नाहीत पण बी पेरायला माझी तरी ना नसते.

नोव्हेंबरातच का, जानेवारीत लावलं तर काय बिघडतं, हे जरा नीट सांगते कारण इथेच सगळी मेख आहे. पिटुनियाला दिवसाची लांबी कळते. दिवस मोठा व्हायला लागला की ती भराभर कळ्या धरते, आणि दिवस लहान असतो तेव्हा फुलं हळू पण बुडाशी फांद्या जास्त फुटतात. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात झाड दिसायला ढिम्म वाटतं, चार फुलं येतात, पण ते आडवं पसरत असतं, मुळं धरत असतं. फेब्रुवारी लागला, दिवस वाढले की त्या प्रत्येक फांदीच्या टोकाला फुलं. जानेवारीत आणलेल्या रोपाला फांद्या फोडायला वेळच मिळत नाही, ते एका काडीवर फुलतं आणि तेवढ्यात ऊन चढतं.

बी की रोप? पहिल्यांदा करत असाल तर सरळ रोप घ्या. बी फार बारीक असतं, एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार, शिंक आली तर गेलं. तरी ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी सांगते. उथळ ट्रे घ्यायचा, त्यात चाळलेलं कोकोपीट आणि थोडं गांडूळखत, आधी पाणी घालून नीट ओलं करून घ्यायचं आणि मग बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून वरून भुरभुरायचं. वर माती टाकायची नाही, या बियांना रुजायला उजेड लागतो, हे नव्वद टक्के लोक विसरतात आणि सवयीनं मातीचा थर देतात. ट्रेवर पारदर्शक प्लास्टिक, जागा उजेडाची पण थेट ऊन नाही, पाणी वरून ओतायचं नाही, ट्रे परातीत ठेवून खालून शोषू द्यायचं. सात ते दहा दिवसांत हिरवा शेवाळासारखा थर दिसेल, तीच रोपं, शेवाळ समजून खरवडू नका. उगवली की प्लास्टिक काढा, हवा लागू दे, नाहीतर देठ बुडाशी काळे पडून रोपं आडवी होतात आणि एकदा सुरू झालं की अर्धा ट्रे जातो. चार-सहा पानं झाली की छोट्या ग्लासांत हलवायची आणि पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांनी कुंडीत.

विकतची घेणार असाल तर ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरात जा. बुटकं, रुंद, गडद हिरवं आणि फूल नसलेलं रोप उचला. नर्सरीवाला फुललेलं पुढे करतो, रंग दिसावा म्हणून एखादं ठीक आहे पण बाकीची बिनफुलाचीच घ्या. पिशवी हळूच पिळून मुळं बघता आली तर बघा, पांढरी असली पाहिजेत, तपकिरी गुंडाळा झालेला नको.

प्रकारांचं थोडक्यात. मोठ्या फुलांची ग्रँडिफ्लोरा दिसायला राजेशाही पण मावठ्याचा एक शिडकावा झाला की फुलं ओल्या टिश्यू पेपरसारखी लोळागोळा होतात. मल्टिफ्लोराची फुलं लहान पण खूप, आणि पावसातून दोन दिवसांत सावरते. त्यामुळे छज्जाखाली, व्हरांड्यात ग्रँडिफ्लोरा आणि उघड्या छतावर मल्टिफ्लोरा असं मी करते. पसरणारी वेव्ह जातीची मिळाली तर टांगत्या कुंडीसाठी छान. डबल पाकळ्यांची मला स्वतःला आवडत नाही, फूल कमी आणि बोळा जास्त वाटतो, पण ज्याची त्याची आवड. संध्याकाळी बाहेर बसणारी मंडळी असतील घरात तर एखादी पांढरी आणि एखादी जांभळी लावाच, अंधार पडायला लागला की बऱ्याच पांढऱ्या-जांभळ्यांना सुंदर वास येतो, लाल-गुलाबीला बहुतेक नसतो.

कुंडी दहा इंचाची, त्यात एकच रोप, फार तर दोन. बारा इंचात तीन. लोक आठ इंचात चार कोंबतात आणि मार्चमध्ये दिवसातून तीनदा पाणी घालत बसतात. माती आपली साधी बागेची चार वाटे, पूर्ण कुजलेलं शेणखत तीन वाटे, कोकोपीट दोन आणि जाड वाळू एक. शेणखत कच्चं असेल तर नका घालू, त्यापेक्षा गांडूळखत बरं. आपल्या लश्कर भागातल्या जुन्या घरांची छतं दगडी पट्ट्यांची, ती मार्चपासून अशी तापतात की अनवाणी पाय ठेववत नाही, तर कुंडीखाली दोन विटा किंवा लाकडी फळी सरकवाच, मुळं शिजतात हो नाहीतर.

जागा निवडताना अजून एक, डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली असतो, भर दुपारी सुद्धा जेमतेम 40 अंशांवर, त्यामुळे ऑक्टोबरात जिथे छान ऊन येत होतं तिथे दक्षिणेच्या कठड्याची सावली पडते आणि कुंड्या दोन महिने गारठून बसतात. पाच-सहा तास ऊन हवंच. कुंड्या कठड्याच्या पायथ्याशी नका ठेवू, उत्तरेच्या भिंतीला टेकवा, तोंड दक्षिणेला, भिंतीची ऊब पण मिळते.

आता पाणी. यावर मी जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे पिटुनिया थंडीनं कमी आणि पाण्यानं जास्त मरते. थंडीत रोज पाणी लागत नाही. आमचे माळीबुवा रोज सकाळी पाइप धरून उभे, "बाईसाब, फूल को तो रोज पानी चाहिए", त्यांना समजावता समजावता दिवाळी होते. बोट एक इंच आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी, आणि दिलं की खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या. डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं, धुक्याच्या दिवसांत त्याहून कमी, मार्चमध्ये रोज, एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ. सकाळी द्या, मातीत द्या, पानांवर आणि फुलांवर नको. दुपारी झाड मान टाकतं आणि माती मात्र ओली असते, तेव्हा अजून पाणी ओतू नका, ते उन्हानं दमलेलं असतं, संध्याकाळी आपोआप उभं राहतं. ओल्या मातीत अजून पाणी गेलं की मुळं कुजतात आणि मग ते उठतच नाही.

दुसरं म्हणजे आपलं बोअरचं पाणी जड. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी रेघ दिसते ना, ते क्षार. पिटुनियाला माती थोडी आंबट लागते, पीएच साडेपाच ते सहाच्या आसपास, आणि जड पाण्यानं तो वर वर चढत जातो. मग काय होतं, मातीत लोह असतं पण मुळांना उचलता येत नाही, आणि शेंड्याची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसायला लागतात. हे ओळखायला शिका. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी किंवा पाणी जास्त, वरची नवी पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोह. लोक दोन्हीला युरिया टाकतात. लोहासाठी चिलेटेड आयर्न मिळतं, त्यात ईडीडीएचए लिहिलेलं मिळालं तर तेच मातीत घाला, ते जास्त पीएचला पण टिकतं, ईडीटीएवालं आपल्या मातीत लवकर निकामी होतं, ते फवारायला वापरा, प्रमाण पाकिटावर असतं तेवढंच. साधं फेरस सल्फेट मातीत टाकाल तर आपल्या क्षारात ते बघता बघता अडकून बसतं. आणि घरगुती उपाय म्हणून 15 लिटरच्या बादलीत अर्धा चमचा लिंबूफूल (सायट्रिक अॅसिड) टाकून ते पाणी पंधरा दिवसांतून एकदा घातलं तरी फरक पडतो. महिन्यातून एकदा कुंडीत भरपूर पाणी ओतून क्षार धुऊन काढायचे, फिनिक्सवाल्यांचा तर हा नियमच आहे, बहीण सांगते.

आरओचं वाया जाणारं पाणी पिटुनियाला घालू नका. पाणी वाचवायचं म्हणून सगळे बादली भरून ठेवतात, चांगली सवय आहे, पण त्यात गाळून उरलेले क्षारच जास्त असतात, त्यानं फरशी पुसा.

खताचं म्हणाल तर आपण मोरेनाच्या शेजारी, सरसोंची खली, म्हणजे मोहरीची पेंड, स्वस्त आणि ताजी मिळते, ती सोडायची नाही. मूठभर खली दोन लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजत घाला, रोज ढवळा, वास येतो पण इलाज नाही, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मग ते पाणी दहापट पातळ करून पंधरा दिवसांतून एकदा. पण कडाक्याच्या थंडीत मातीतले जिवाणू सुस्त असतात, खली लवकर लागू पडत नाही, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत 19:19:19 (नत्र-स्फुरद-पालाश असलेलं विद्राव्य खत) एक लिटर पाण्याला एक ग्रॅम असं आठ-दहा दिवसांनी द्या. कळ्या यायला लागल्या की 13:0:45 वर या, तेवढ्याच प्रमाणात. जास्त नत्र दिलंत तर पानांचं जंगल होईल आणि फुलं शोधावी लागतील.

कुंडीत लावल्यावर आठ-दहा दिवसांनी, झाड चार इंचाचं झालं की शेंडा खुडा. मन घट्ट करून खुडा, कळी असली तरी. पुढे एकदा अजून. आणि सुकलेली फुलं काढताना नुसती पाकळी ओढायची नाही, खालच्या हिरव्या बोंडासकट देठ तोडायचा, नाहीतर झाड बी धरतं आणि फुलांचं काम संपलं असं समजतं. पानं चिकट लागतात, चिलटं चिकटून मेलेली दिसतात, तो रोग नाही, या झाडाच्या लवेला चिकटपणा असतोच.

थंडीचं काय? पिटुनिया बऱ्यापैकी सोसते. पारा तीन-चारवर गेला तरी काही होत नाही, हलकं दंव पडलं तरी पानं सावरतात. खरा पाला, म्हणजे कडक दंव, पडतो तेव्हा, साधारण नाताळ ते संक्रांतीनंतर आठ दिवस, आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला अशी रात्र असली की समजून जायचं. दुपारीच मातीला पाणी द्या, ओली माती ऊब धरते, आणि संध्याकाळी जुनं धोतर नाहीतर सुती चादर काठ्यांवर टाकून झाका, सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिक टाकलं तर ते पानांना टेकता कामा नये, जिथे टेकतं तिथेच पान जळतं. एखाद्या झाडाचे शेंडे जळलेच तर उपटू नका, जळकं कापा, बुडातून फुटतं.

धुक्याच्या दिवसांत वेगळाच त्रास. सतत ओल, ऊन नाही, सुकलेली फुलं पानांवर पडून राहतात आणि त्यावर राखाडी बुरशी येते. औषध मारण्यापेक्षा रोज पडलेली फुलं उचला, कुंड्या एकमेकींपासून वीतभर लांब ठेवा, वारा खेळू द्या.

किडींमध्ये मावा आणि पांढरी माशी थंडी कमी व्हायला लागली की येतात, पिवळे चिकट कागद टांगा, लिटरला पाच मिलि नीम तेल आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड, संध्याकाळी, पानांच्या मागून. पण खरी चोर ती हिरवी अळी, हरभऱ्याच्या घाट्यात शिरते तीच. कळीला गोल भोक, पानावर काळे दाणे दिसले की समजा आली. दिवसा सापडत नाही, अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा आणि चिमट्यानं उचला. खूप झाल्या तर बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची) मिळते, अळ्या लहान असतानाच संध्याकाळी फवारा, मोठ्या झाल्या की तिला दाद देत नाहीत.

आणि एक सूचना, थोडी नाजूक आहे. पिटुनिया ही तंबाखू, टोमॅटो, बटाटा यांच्याच घराण्यातली, तंबाखूचा मोझॅक व्हायरस तिला होतो आणि तो सुकवलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो. तेव्हा माळीबुवांनी तंबाखू मळून त्याच हातानं शेंडे खुडले तर रोग लागू शकतो. साबण लावून हात धुवा म्हणायचं, वाईट वाटलं तर वाटू दे. पानांवर फिकट-गडद नक्षी आली, पानं आकसली तर त्याला औषध नाही, झाड उपटून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात झाडं मधून उघडी पडतात, लांब काड्या आणि टोकाला फूल. तेव्हा एक तृतीयांश कापा. सगळं एकदम कापवत नसेल तर आधी अर्धी बाजू आणि दहा दिवसांनी उरलेली. कापल्यावर एकदा खत, एकदा खलीचं पाणी, आणि दोन-तीन आठवड्यांत जी फुलं येतात ती पाडव्यापर्यंत दम खात नाहीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर मात्र कात्री ठेवून द्या, नवीन फुटव्याला वाढायला थंड दिवसच उरत नाहीत.

एप्रिल लागला की कुंड्या पूर्वेला हलवा, सकाळचं ऊन आणि अकरानंतर सावली, किंवा 50 टक्केवाली हिरवी जाळी. यानं फार तर दोन-तीन आठवडे वाढतात. दिवसाचं 40 च्या वर आणि रात्र पण 25 च्या खाली येईना की थांबा. कूलरसमोर कुंडी ठेवून झाड जगवणारे लोक मी पाहिलेत, जगतं, पण फुलत नाही, आणि जुलैच्या दमट हवेत सडतंच. बी जपायचं असेल तर तपकिरी झालेली बोंडं एप्रिलमध्ये काढा, फक्त पाकिटावर एफ वन (म्हणजे संकरित) लिहिलेलं असेल तर पुढच्या वर्षी तोच रंग येईल ही आशा ठेवू नका, काहीही येतं, बरेचदा साधी जांभळट.

झाडं उपटली की माती टाकून देऊ नका. लू आपल्याला फुकटची भट्टी देते, ती वापरा. मुळं वेचून काढा, माती ओलसर करा, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत पातळ थरानं भरून तोंड बांधा आणि भर उन्हात छतावर चार ते सहा आठवडे पडू द्या, बुरशी, सूत्रकृमी, तणांचं बी सगळं त्यात जातं. काळी पिशवी नको, पारदर्शकच, आत जास्त तापतं. तोवर रिकाम्या कुंड्यांत दुसरी माती घालून सदाफुली आणि ऑफिस टाइम (पोर्टुलाका) लावा, त्यांना 45 अंशांत पण मजा येते, आणि तापवलेल्या मातीत जुलैत थोडं गांडूळखत मिसळून झाकून ठेवा म्हणजे सप्टेंबरात ट्रे भरायच्या वेळी शोधाशोध नको. फक्त त्या मातीत मधल्या काळात टोमॅटो-मिरची-वांगं लावू नका.